पहिल्या पोस्टिंगआधी काय पक्कं हवं? आधी श्वास मोजायला शीक

प्रश्न असा आलाय: "मी सोलापुरात बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत मार्क चांगले पडतात. पण वॉर्डात गेले की पेशंटसमोर काहीच सुचत नाही. सीनियर म्हणतात, इंजेक्शन आणि कॅन्युला शिकून घे, बाकी आपोआप येतं. पाया म्हणून नेमकं काय पक्कं करू?"

कॅन्युलाला, म्हणजे शिरेत घालायच्या सलाईनच्या नळीला, हात बसतोच गं. आज नाही बसला तर पुढच्या वर्षी बसेल, त्याची काळजी करू नकोस. आपोआप येत नाही ते वेगळंच आहे. समोरचा पेशंट बिघडायला लागलाय हे त्याच्या चार आकड्यांवरून आणि तोंडावरून ओळखणं, तेही डॉक्टर राउंडला यायच्या आधी. नोकरीला लागून वर्षं उलटली तरी काहींना ते येत नाही, कारण टीपीआर चार्ट (तापमान, नाडी, श्वास यांची नोंद) भरणं हे पहिल्या वर्षाच्या मुलींकडे ढकलायचं काम अशी एक समजूत पडून गेलीय. मी वॉर्डात काम केलं, आता मुलींना पोस्टिंगवर घेऊन जाते, आणि माझं मत असं की वॉर्डातलं सगळ्यात डोक्याचं काम तेच. त्यातलीही एकच गोष्ट निवड म्हणालीस तर मी श्वास निवडेन.

कुठल्याही वॉर्डातले जुने चार्ट काढून बघ. टेंपरेचर वेगवेगळं, नाडी वेगवेगळी, आणि श्वासाच्या रकान्यात सगळ्या बेडला २०. न्यूमोनियावाला २०, उद्या घरी जाणारा २०, रात्री आयसीयूत हलवलेलाही संध्याकाळपर्यंत २०. म्हणजे मोजलंच नाही कुणी. श्वासाला यंत्र लागत नाही म्हणून तो सोपा वाटतो, आणि पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं म्हणून टाळला जातो. शरीर बिघडताना बहुतेक वेळा पहिला हलतो तो हाच आकडा. इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने २०१२ साली धोका ओळखायची गुणपद्धत काढली, २०१७ला ती सुधारली. त्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ला २ आणि २५ किंवा जास्त असले तर एकदम ३ गुण आहेत. जितके गुण जास्त तितका धोका जास्त. म्हणजे तुझ्या चार्टवरचे २० आणि पेशंटचे खरे २६, यात एक अख्खा आणीबाणीचा इशारा लपून राहतो.

मोजायचा कसा? पेशंटला सांगून मोजायचा नाही. "श्वास मोजते हं" म्हटलं की तो लगेच शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. मनगटावर नाडीला बोटं ठेव, तो हात हलकेच त्याच्या पोटावर आडवा ठेव, नाडी मोजून झाली तरी बोटं काढू नकोस, आणि नजर न दाखवता हात वरखाली होतो तो मोज. बायकांचा पदर छातीवर असतो, काही दिसत नाही. तिथे हा पोटावरचा हातच कामी येतो. पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणलंस की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. तान्ह्या बाळाचं झबलं वर कर, पोट बघ, बाळ रडत किंवा पीत असेल तर थांब. बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, त्यामुळे तिथे तर अर्ध्या मिनिटाचा शॉर्टकट चालतच नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. हे तीन आकडे झोपेत विचारले तरी यायला हवेत.

आता तुझी फिजिऑलॉजी इथे वापर. श्वास वाढतो तो फक्त फुप्फुसं बिघडली म्हणून नाही. रक्तात आम्ल साचलं की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून तोल सांभाळायला बघतं, म्हणून श्वास जलद आणि खोल होतो. छातीला स्टेथोस्कोप लावला तर आवाज स्वच्छ, खोकला नाही, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८, आणि तरी पेशंट भरभर खोल श्वास घेतोय, तर साखरेचा पेशंट आहे का विचार, ग्लुकोमीटर आण. कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे साखर फार वाढून रक्तात आम्ल साचतं तेव्हा, पोटदुखी आणि उलट्या इतक्या असतात की घरचे "पोटाचं दुखणं" म्हणून आणतात. किडनी निकामी झालेल्याचं असंच होतं, सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावर) असंच होतं, आत कुठे रक्तस्राव चालू असला तरी असंच. याच्या उलट ऑपरेशननंतर मॉर्फिन, ट्रामाडॉल असलं काही दिलेल्या पेशंटचा श्वास मोज. ८-९ वर आलाय आणि हाक मारल्यावर डोळे जेमतेम उघडतोय, तर "शांत झोपलाय" असं लिहू नकोस, पळत जाऊन सांग.

आकड्याबरोबर माणूस बघ. नाकपुड्या फुलतायत का, मानेचे स्नायू ताणले जातायत का, बरगड्यांच्या मध्ये खड्डे पडतायत का. माझा आवडता प्रश्न: "नाव काय, गाव कुठलं, कुणाबरोबर आलात?" तीन गोष्टी एका दमात सांगितल्या तर ठीक. प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागलं तर बाकीचं नंतर, आधी पेशंटला उठवून बसतं कर.

सॅच्युरेशनच्या यंत्रावर मुलींचा फार भरवसा असतो, म्हणून दोन शब्द. ते यंत्र असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय एवढंच सांगतं, मुळात हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. आपल्याकडे हिमोग्लोबिन ५-६ असलेल्या बायका चालत येतात. त्यांचं सॅच्युरेशन ९९ दिसेल आणि जिना चढताना धाप लागेल, दोन्ही खरं. त्यांचे ओठ निळेही पडणार नाहीत, कारण निळं दिसायला ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन साधारण ५ ग्रॅम तरी लागतं, ते आणणार कुठून? आगीतून बाहेर काढलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो, यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं. हात गार पडले असतील, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर बोट बदल, कानाची पाळी वापर. आणि जुन्या दम्याच्या, बिडी ओढून किंवा चुलीच्या धुरात फुप्फुसं खराब झालेल्या पेशंटला ऑक्सिजन किती लावायचा ते डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे. सीओपीडीत, म्हणजे अशा जुनाट फुप्फुसांच्या आजारात, सॅच्युरेशनचं लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ असतं. नातेवाईक "वाढवा की ओ सिस्टर" म्हणाले म्हणून फ्लोमीटर फिरवायचा नाही.

बीपीबद्दल लोक तुला सर्वांत जास्त विचारतील आणि तिथेच सर्वांत जास्त फसशील. पेशंट पाच मिनिटं बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद. लटकत्या हाताचं बीपी जास्त येतं. जाड दंडाला लहान कफ लावला तरी जास्त येतं. कफच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के हवी, लांबी ८० टक्के. सोलापुरी उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचे घट्ट ब्लाऊज घालणाऱ्या आज्या येतात, मग बाही वर सरकवून दंडावर तिचा आवळलेला वेढा होतो आणि त्याखाली कफ लावला जातो. ते बीपी लिहिण्याच्या लायकीचं नसतं. पडदा ओढ, बाही काढ. आधी नाडीवर बोट ठेवून वरचा आकडा अंदाजाने काढ, मग त्याच्या ३० वर फुगवून स्टेथोस्कोपने ऐक, हवा सेकंदाला २ मिलिमीटर या वेगाने सोड. डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांची जोडणी) केलेल्या हाताला कफ लावायचा नाही, ब्रेस्टचं ऑपरेशन झालंय त्या बाजूला नाही. मॅन्युअल यंत्रावरचा आकडा सम येतो, कारण खुणाच दोनदोनच्या असतात. सगळा वॉर्ड १२०/८० लिहिला असेल तर मी तरी तो चार्ट विश्वासाने वाचत नाही.

फसायची खरी जागा पुढे आहे. रक्त कमी झालं की बीपी लगेच पडत नाही. अंगणात पाणी मारताना पाणी कमी आलं की आपण नळीचं तोंड बोटाने दाबतो आणि धार तेवढीच राहते. शरीर तेच करतं, हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदय जोरात पळवतं, आणि वरचा आकडा टिकवून धरतं. मोठ्या माणसाचं दीड लिटरपर्यंत रक्त जाईतो बीपी नॉर्मल दिसू शकतं. ते पडतं तेव्हा शरीराच्या हातातले उपाय संपलेले असतात.

एक कल्पित चार्ट मांडते. बाळंत झालेली बाई. दुपारी २ वाजता नाडी ८८, बीपी ११०/७०, श्वास १८. अडीचला नाडी १०४, बीपी ११०/८०, श्वास २२. तीनला नाडी ११८, बीपी १०८/८६, श्वास २६. बीपीचा वरचाच आकडा बघणारी म्हणेल, ११०, ११०, १०८, उत्तम आहे. आता खालचा बघ. वरच्या-खालच्यातलं अंतर ४० होतं, ३० झालं, २२वर आलं; म्हणजे रक्तवाहिन्या आवळल्या जातायत. नाडीला वरच्या आकड्याने भाग दे: दोनला ०.८ होतं, तीनला १.०९ झालं. बाळंतिणीत ०.९च्या वर गेलं की धोका धरतात. ही बाई बेडखाली रक्त साचायच्या आधीच चार्टवर ओरडतेय. अशा वेळी तुझा हात पोटावर जायला हवा. गर्भाशय चेंडूसारखं घट्ट लागतंय की मऊ, ते बघ. पॅड बघ, पाठीखाली हात घालून चादर बघ, कारण रक्त मागे वाहतं आणि वरून काही दिसत नाही. हातपाय गार आहेत का, लघवी किती झाली. ताशी, दर किलोमागे अर्धा मिली तरी लघवी हवी. ५० किलोच्या बाईला तासाला २५ मिली. आणि ती "जीव घाबरा होतोय" म्हणाली तर "काही नाही होत, झोपा" असं म्हणू नकोस. ते लक्षणच आहे.

टेंपरेचर. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२-४३च्या घरात जातो, तेव्हा प्रत्येक गरम अंग म्हणजे ताप नव्हे. तापात मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकलेला असतो, पॅरासिटामॉल तो खाली आणतं. उष्माघातात थर्मोस्टॅट जागेवरच असतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. आतलं तापमान ४० सेल्सिअसच्या वर आणि वागण्यात फरक, म्हणजे बरळणं, भांडणं, झटका, बेशुद्धी, हे दोन्ही दिसलं की गार करणं आधी, फॉर्म भरणं मागाहून. कपडे काढ, अंगावर पाणी शिंपड, पंखा लाव, मान-काखा-जांघेत बर्फ. घाम सुटलेला आहे म्हणून उष्माघात नाही, असं ठरवू नकोस. उन्हात राबणाऱ्याला घाम येत असतानाही होतो. काखेतलं तापमान आतल्यापेक्षा कमी भरतं, ओल्या अंगावर तर फारच. आणि नुकताच चहा प्यायलेल्याच्या तोंडात थर्मामीटर घालायचा नाही, पंधरा मिनिटं तरी थांब.

नाडी तापाबरोबर वाढते, दर अंश सेल्सिअसला साधारण दहाने. ताप १०३ फॅरनहाइट आणि नाडी ८०, असं जुळत नसलं तर टायफॉइड डोक्यात येऊ दे, किंवा नाडी हळू करणारी बीपीची गोळी चालू आहे का विचार.

विंचवाचं इथे सांगायलाच हवं, कारण तालुक्यातून पोरं येतात आणि पुस्तकात त्याला जेमतेम जागा असते. लाल विंचू चावलेलं मूल घामाने थबथबलेलं, हातपाय गार, नाडी जलद, बीपी वाढलेलं असतं. आणि वेदना कमी झाली म्हणून घरच्यांना वाटतं बरं झालं. खरा धोका पुढच्या काही तासांत, हृदय थकून फुप्फुसात पाणी भरण्याचा. म्हणजे परत श्वास. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यासाठी प्राझोसिन वापरून दाखवलं, आणि मृत्यू खूप कमी झाले. नर्सच्या बाजूने लक्षात ठेवायचं ते असं की प्राझोसिन दिलेल्या मुलाला उभं करायचं नाही, आईला कडेवर घेऊ द्यायचं नाही. बीपी एकदम पडतं. आडवं ठेव, आणि श्वास, नाडी, बीपी पुन्हापुन्हा बघ.

इंजेक्शनचा विषय निघालाच होता, तर टोचण्याआधीचं गणित शीक. इन्सुलिनच्या वायल (छोट्या बाटल्या) आपल्याकडे मिलीला ४० युनिटच्याही मिळतात, पेनची काडतुसं आणि काही वायल १०० युनिटच्या. ४०च्या सिरिंजचं टोपण लाल, १००च्या सिरिंजचं केशरी. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलंस, तर अर्धा मिली झालं, म्हणजे ५० युनिट गेले. सांगितले होते २०. उलट अदलाबदल केलीस तर २०च्या जागी ८च जातील. वायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जोडीने वाच, मोठ्याने. आणि साखर ७०च्या खाली, पेशंट शुद्धीवर, तर १५ ग्रॅम साखर पाण्यात दे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपास. बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबसुद्धा नाही.

पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलीची ॲम्प्यूल दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखी. शिरेतून थेट कधीच नाही, कुणीही सांगितलं तरी. एवढं एक वाक्य त्या औषधाबद्दल पुरे.

सलाईन: ५०० मिली चार तासांत, मिलीला २० थेंबांचा सेट, म्हणजे ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, मिनिटाला ४२ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय गणित करू नकोस. मायक्रो सेटला ६० थेंब असतात.

हात धुणं, सुई पांढऱ्या डब्यात, सलाईनचा सेट लाल पिशवीत, रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, काचेच्या वायल निळ्यात, हे तुला कॉलेजात घोटून घेतील, मी वेळ घालवत नाही.

भाषेचं मात्र कॉलेज शिकवत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या आजी तेलुगूत दुखणं सांगतील, अक्कलकोटकडचे आजोबा कन्नडमध्ये. "कुठे दुखतं, कधीपासून, श्वास लागतो का, लघवी झाली का" एवढी चार वाक्यं दोन्ही भाषांत वर्गातल्या मैत्रिणींकडून शिकून घे. नातवाला दुभाषा केलंस तर आजी लघवीचं आणि अंगावरून जाण्याचं सांगणार नाही.

शेवटी, दिसलेलं डॉक्टरांपर्यंत पोचवायचं कसं. "सर, बारा नंबरचा पेशंट बरा वाटत नाही" या फोनवर कुणी धावत येत नाही, आणि त्यात त्यांची फार चूक नाही. असं बोल: "बारा नंबर, कालच पोटाचं ऑपरेशन झालंय. श्वास दोन तासांपूर्वी १८ होता, आता २८. नाडी १२२, बीपी ११०/९०, हातपाय गार, दुपारपासून लघवी ३० मिली. मला आत रक्तस्राव होत असेल असं वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा." तू विद्यार्थिनी आहेस, म्हणून आधी ड्युटीवरच्या सिस्टरला हेच वाक्य सांग, तिने "बघू नंतर" म्हटलं तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजून नव्या आकड्यांसह परत सांग, आणि तरी कुणी हललं नाही तर तुझ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला गाठ. मग चार्टवर वेळ लिही, कुणाला सांगितलं ते लिही, काय ऑर्डर आली ते लिही. चूक झाली तर खाडाखोड नको, व्हाइटनर नको. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही.